गुरुवारचे रिपोर्ट

आमच्या घरात कुणावर एकदम विश्वास ठेवायची पद्धत नव्हती. आई मासे घेताना प्रत्येक बांगड्याचे कल्ले स्वतः उचलून बघायची, आणि मासे विकणारीने “ताजे गो बाय, देवाशपथ” म्हटलं की तिचा संशय आणखी वाढायचा. सकाळी पाववाल्या पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला की आधी जनेलातून वाकून कालचाच माणूस आहे ना हे बघायचं, मग पाव हातात घेऊन दाबायचा, मगच टोपलीत टाकायचा. बाबा खाणीवर फिटर होते. वर्तमानपत्र मराठीच वाचायचे, पण वाचताना मान सतत नकारार्थी हलत असायची. शिरगणतीच्या कागदावर मातृभाषा कुठली लिहायची यावरून त्यांचं आणि धाकट्या काकांचं एकदा वाजलं होतं, तेव्हापासून दोघं भाऊ एकाच अंगणात राहून एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत. गंमत म्हणजे भांडण झालं ते दोघांनीही कोंकणीतच केलं होतं.

घर डिचोलीजवळ कारापूरला, रस्त्याला लागून. दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे. एका ट्रकचा आवाज विरतो न विरतो तोच दुसऱ्याचा सुरू व्हायचा. जनेलाच्या फळीवर लाल धूळ साचायची आणि आई ती दिवसातून तीनदा ओल्या फडक्याने पुसायची. जेवायला उकड्या तांदळाचा भात, माशांच्या आमटीचं हुमण आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, खोबरं घातलेली किसमूर. किसमुरीतलं खोबरं कधी कमी वाटलं तर बाबा आईकडे बघायचे आणि आई म्हणायची, “नारळ लहान होतो. फोडताना तुमी हंयच बसलेले.” असं सगळं. त्यामुळे डिचोलीच्या एका खाजगी हॉस्पिटलात मला प्रोग्रॅमर म्हणून नोकरी लागली तेव्हा घरात आनंद झाला खरा, पण बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “हॉस्पिटलाक प्रोग्रॅमर कित्याक जाय? कितें तरी लपोवपाचें आसतलें.”

लपवायचं काही नव्हतं. हॉस्पिटल ज्यांचं होतं त्या डॉक्टरांना कागद नको होते, एवढंच. त्यांचा कुणी भाचा बंगळुरात इंजिनियर होता. त्याने सांगितलं होतं की लिनक्स नावाची प्रणाली फुकट मिळते, कुणाची परवानगी लागत नाही, आणि ती बसवलेलं मशीन वर्षानुवर्षं चालतं. तसं एक मशीन तपासणीच्या खोलीशेजारी आलं. मी म्हापशाच्या क्लासात जे शिकले होते ते दुसऱ्याच प्रणालीवर. प्रोग्रॅमची भाषा मात्र तीच होती, म्हणून मला वाटलं, खालचं मशीन कुठलं का असेना. मी रक्त-लघवीच्या रिपोर्टांचा प्रोग्रॅम लिहिला. लॅबमधला माणूस रिपोर्ट भरणार, तो डॉक्टरांच्या पडद्यावर दिसणार, डॉक्टर ‘मंजूर’ म्हणणार, आणि मग तो कायमचा जपला जाणार. प्रोग्रॅम चालायला लागल्यावर डॉक्टरांनी लॅबची जाड वही बंद करून टाकली.

लॅबमधला माणूस म्हणजे उत्तम शेटगांवकर. मूळचे मोरजीचे, पन्नाशीचे, डिचोलीत खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी घरी जायचे. आम्ही सगळी त्यांना उत्तममाम म्हणायचो. मलेरियाच्या काचपट्ट्या बघण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सूक्ष्मदर्शकावर एक डोळा लावून दुसराही उघडाच ठेवायचे, आणि पट्टी सरकवता सरकवता बोलत राहायचे. मशीनवर मात्र त्यांचा राग होता. एका बोटाने टंकायचे, आणि रिपोर्ट भरून झाला की मला हाक मारायचे: “शैला, ह्यो खंय गेलो गो आता?”

“मशीनमध्ये गेला, माम.”

“मशीनात खंय?”

मी हसायचे. त्याचं नीट उत्तर मलाही येत नव्हतं, आणि येत नाही हे मला माहीतही नव्हतं.

मशीनची देखभाल करणारा माणूस वेगळा होता. इनास त्याचं नाव. दर गुरुवारी म्हापशाहून मोटारसायकलवर यायचा, हेल्मेट मेजावर ठेवायचा, माझ्याकडे पाठ करून बसायचा आणि काळ्या पडद्यावर काहीतरी भराभर टंकायचा. मुख्य पासवर्ड त्याच्या एकट्याकडे. टंकताना डावा हात आडवा धरायचा, शाळेतली मुलं पेपर झाकतात तसा. एकदा मी म्हटलं, “इनासबाब, हे काय करता ते मलाही दाखवा ना.” तो वळलासुद्धा नाही. “तुजें काम प्रोग्राम बरोवप. मशीन सांबाळप म्हजें काम. प्रोग्राम करतले हांगां हात घालूंक लागले जाल्यार मशीन उरचें ना.” मी प्रोग्रॅम लिहावा, मशीनला हात लावू नये, हे मला झोंबलं. पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. ती एक कटकट आपल्या अंगावर नाही, असं.

पावसाळा लागला आणि तापाचे रुग्ण वाढले. खाणीवरचे आणि बांधकामावरचे कामगार, बेळगाव-कोल्हापूरकडचे, कांबळी पांघरून बाकांवर कुडकुडत बसलेले असायचे. त्याच दिवसांत रिपोर्ट नाहीसे व्हायला लागले. उत्तममाम म्हणायचे भरला, पडद्यावर काही नसायचं. दोन-तीनदा त्यांनी उरलेल्या रक्ताची परत पट्टी करून वेळ निभावून नेली. मला मनातून वाटलं, एका बोटाने टंकणारा माणूस, शेवटचं बटण दाबायला विसरत असेल. लॅबमधल्या दुसऱ्या लोकांना दुसरंच वाटलं. इतक्या पट्ट्या एक माणूस बघतो कशा? न बघताच ‘बघितल्या’ म्हणत असेल. कुणी हे मोठ्याने बोललं नाही. पण ते खोलीत आले की बोलणं थांबायचं, आणि ते थांबलेलं त्यांना कळायचं.

मग दगडू आला. चंदगडकडचा, खाणीवर मजूर. बुधवारी संध्याकाळी ताप घेऊन आला, गुरुवारी सकाळी रक्त घेतलं. दुपारी त्याची बायको रिपोर्ट मागायला आली तर रिपोर्ट नाही. उत्तममाम म्हणाले, “पॉझिटिव्ह आसा. मियां सकाळींच भरलो.” पडद्यावर नाव नव्हतं. डॉक्टर शस्त्रक्रियेत होते आणि लिहिलेल्या रिपोर्टाशिवाय औषध द्यायचं नाही असा त्यांचा दंडक होता. काचपट्टी धुऊन पुढच्या रुग्णाला वापरलेली. उरलेलं रक्तही त्या दिवशी फेकलं गेलं होतं. परत रक्त घेऊन परत तपासेपर्यंत शुक्रवार उजाडला, आणि दगडू बरळायला लागला. त्याला बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात हलवावं लागलं. गाडीत घालताना त्याची बायको कॉरिडॉरमध्ये, पंचवीस-तीस माणसांसमोर, उत्तममामांच्या अंगावर धावली. “माझ्या नवऱ्याचं रगात घेतलासा न्हवं? मग ते कुटं गेलं? सांगा की! इकलासा काय?”

उत्तममामांनी खिशातून एक छोटी वही काढली. लॅबची वही बंद झाल्यापासून ते ती चोरून लिहीत होते. त्यात दगडूचं नाव होतं, पुढे रिपोर्ट होता. डॉक्टरांनी वही घेतली, पानं उलटली आणि म्हणाले, “हें तुवें आतां बरोवंक ना हाचो पुरावो कितें?” आत्ताच लिहिलं नाही कशावरून, एवढं विचारून ते माझ्याकडे वळले. सगळ्यांसमोरच विचारलं, “शैला, तुझ्या प्रोग्रॅममध्ये चूक असू शकते का?”

मी म्हटलं, “नाही.”

बस एवढंच. मी खोटं बोलले नव्हते. प्रोग्रॅमची ओळ न् ओळ मला पाठ होती, आणि त्या ओळींत चूक नव्हतीच. सोमवारी उत्तममाम आले नाहीत. त्यांना येऊ नका म्हणून सांगण्यात आलं होतं. दगडू तीन आठवड्यांनी बरा होऊन गावी गेला. त्याची बायको जाताना मला सांगून गेली, “तुमच्या त्या मामाला देव बघून घेईल.”

उत्तममामांच्या जागी नवी मुलगी आली. चुणचुणीत, दहा बोटांनी टंकणारी. दुसऱ्याच आठवड्यात ती माझ्याकडे आली. “ताई, काल मी सात रिपोर्ट भरले होते, त्यातला एकही दिसत नाही.” मी कॅलेंडर बघितलं. काल गुरुवार होता. दगडूचा गुरुवारच होता. आधी हरवलेले रिपोर्ट आठवून बघितले, ज्यांचे वार आठवले ते सगळे गुरुवार. माझ्या डोक्यात लख्ख झालं: इनास! गुरुवारी येतो, पाठ करून बसतो, हात आडवा धरतो. हॉस्पिटलाला वेगळी प्रोग्रॅमर कशाला हवी, असं तो डॉक्टरांना एकदा म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं होतं. मला घालवायला हा माझे रिपोर्ट पुसतो आणि त्यात एका गरीब माणसाची नोकरी गेली. इतका चोख संशय मला आयुष्यात दुसरा कधी आला नसेल.

पण धरायचं कसं? तो काय टंकतो हे कळायला मशीन कळायला हवं. एक्स-रेच्या खोलीमागे एक मोडका संगणक पडून होता. तो मी डॉक्टरांकडून मागून घेतला. म्हापशाच्या स्टॉलवर एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी मिळाली आणि जुन्या पुस्तकांत या प्रणालीच्या देखभालीवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. रोज जेवणाच्या सुट्टीत मी त्या खोलीत बसायचे. डब्यातली भाजी-पोळी एका हाताने खायची, दुसऱ्या हाताने कळफलक. पहिल्यांदा सगळं पुसून टाकलं, दुसऱ्यांदा मशीन उठेचना, तिसऱ्यांदा उठलं. पुस्तक बसमध्ये वाचायचे, घरी चुलीशी बसून वाचायचे.

बाबांना ते आवडलं नाही. “तुका प्रोग्रॅम करपाक घेतलां ना? मागीर मशीन कित्याक शिकता?” मी इनासबद्दल सांगितलं. मला वाटलं, संशयी माणूस आहेत, माझी बाजू घेतील. ते हात पुसत म्हणाले, “आमचे ड्रायव्हर असेच. बोनेट उघडून हात घालतात. मागीर म्हजें काम दुप्पट जाता. तो इनास सांगता तें बरोबर.” आणि वर, “पूण तो कितें लपयता ताचेर मात नजर दवर.”

हल्ली माझ्याकडे शिकायला येणारी मुलं विचारतात, मॅडम, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने हे सगळं शिकायलाच हवं का? आमचं मशीन कुठे आहे तेसुद्धा आम्हाला माहीत नसतं, ते सांभाळायला वेगळी माणसं असतात. त्यांचं चुकत नाही. ज्याने त्याने सगळंच शिकावं असं सांगणाऱ्यांचा मला आजही संशय येतो, त्यांना बहुधा काहीतरी विकायचं असतं. मी वाद घालत नाही. एवढंच विचारते, तुम्ही लिहिलेली गोष्ट रात्रभर कुठे राहते ते सांगा. मग ती हसतात, आणि मला उत्तममामांच्या प्रश्नावरचं माझं हसणं आठवतं.

मशीन सुरू होताना काय काय करतं, याचं एक प्रकरण पुस्तकात होतं. सुरू होताना ते एकामागून एक छोट्या सूचना पाळतं, आणि त्या साध्या अक्षरांत लिहिलेल्या असतात, कुणालाही वाचता येतात. फुकट मिळणाऱ्या त्या प्रणालीचं हेच वैशिष्ट्य होतं, काही झाकलेलं नाही. मी एक एक वाचत गेले. त्यातली एक अशी होती: तात्पुरत्या फायलींचा कप्पा रिकामा करा.

पोळीचा तुकडा हातातच राहिला. माझा प्रोग्रॅम डॉक्टरांनी मंजूर करेपर्यंत रिपोर्ट त्याच कप्प्यात ठेवत होता. क्लासात शिकले होते त्या प्रणालीवर तसा कप्पा कुणी आपोआप रिकामा करत नसे, म्हणून मी इथेही बिनधास्त तिथेच ठेवले होते. इनास दर गुरुवारी मशीन बंद करून परत सुरू करायचा, तेच त्याचं काम होतं. आणि गुरुवार डॉक्टरांच्या शस्त्रक्रियांचा, मंजुरी संध्याकाळवर जायची. उन्हाळ्यात तपासण्या थोड्या असायच्या, डॉक्टर मधल्या वेळात मंजूर करून मोकळे व्हायचे. पावसात सगळं साचायचं. मी मोडक्या संगणकावरच्या त्या कप्प्यात दगडूच्या नावाची एक फाइल केली, मशीन बंद केलं, सुरू केलं. फाइल गेली. परत केली, परत गेली. तिसऱ्यांदा मी केली नाही.

चार दिवस मी कुणाला काही बोलले नाही. हे लिहिताना वगळावंसं वाटत होतं, पण नाही वगळत. चार दिवसांत मी प्रोग्रॅम गुपचूप दुरुस्त केला, रिपोर्ट आपोआप रिकाम्या न होणाऱ्या नव्या कप्प्यात ठेवायला लावले, आणि स्वतःला सांगत राहिले की झालं, आता कुणाचा रिपोर्ट जाणार नाही. गुरुवारी इनास आला, हेल्मेट मेजावर ठेवलं, आणि मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. तो पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड करून बसला.

“त्या कप्प्यांत नांवां दिसतालीं म्हाका,” तो म्हणाला. “म्हाका वाटलें, तुजो कचरो. हांवें विचारलें ना.”

“आणि मी तुम्हाला विचारलं नाही.”

“विचारिल्लें तुवें एक दीस,” तो खाली बघून म्हणाला. “हांवें दाखोवंक ना.”

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी दार लोटलं. “दुरुस्त केलंस ना? मग विषय संपला. हॉस्पिटलचं नाव आहे. शेटगांवकरांना मी निरोप पाठवीन, यायचं तर या म्हणून.” निरोप जाणार नाही हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं.

रविवारी मी मोरजीला गेले. डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून शिवोली, तिथून फेरीबोटीने नदीपलीकडे. उत्तममामांचं घर किनाऱ्यापासून आत, माडांत. ते पडवीत बसून भावाच्या हॉटेलसाठी कांदे चिरत होते. विदेशी गिऱ्हाइकांसाठी, बारीक, सगळे एकसारखे. बायको दारातच उभी राहिली. “आता कित्याक आयलंय? आनी कायतां पुसूंचा रवलां?” मी उभ्यानेच सांगितलं. कप्पा, गुरुवार, माझी चूक, माझं ‘नाही’. सांगताना मला रडू आलं, आणि त्या बाईने मला रडू दिलं. पाणी आणलं नाही.

उत्तममामांनी सुरी खाली ठेवली. पहिला प्रश्न विचारला तो दगडूचा. “जगलो?”

“जगला. गावी गेला.”

त्यांनी डोळे मिटले, उघडले. मग म्हणाले, “हंय येवन माज्या कानात सांगलंय. बरां केलंय. पण माका चोर म्हटल्यानी ता खंय? थंय, सगळ्यांसमोर. तर थंयच सांग.”

सोमवारी सकाळी बाह्यरुग्ण विभाग भरलेला असताना मी कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. बाकांवरची माणसं वेगळी होती, त्यातल्या निम्म्यांना उत्तम शेटगांवकर कोण हेही ठाऊक नव्हतं. पण नर्सेस होत्या, लॅबची माणसं होती, औषधाच्या खिडकीतला माणूस होता. मी मोठ्याने सांगितलं की रिपोर्ट त्यांनी भरले होते, सगळेच्या सगळे, आणि ते माझ्या चुकीमुळे गेले. कांबळं पांघरलेला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, “काय म्हणत्याय ती?” शेजारी म्हणाला, “चुकली म्हणत्याय.” डॉक्टर त्यांच्या खोलीच्या दारात उभे होते. त्यांचा चेहरा मी बघितला नाही. माझी नोकरी जाईल अशी माझी खात्री होती. गेली नाही, पण पुढची दोन वर्षं डॉक्टर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

सगळ्यांसमोर झाल्यावर डॉक्टरांना निरोप पाठवावाच लागला, आणि उत्तममाम पंधरवड्याने परत आले. लॅबची वही परत सुरू करायच्या अटीवर, आणि ती अट डॉक्टरांना मानावी लागली. नव्या मुलीला त्यांनी काचपट्टी बघायला शिकवायला घेतलं. माझ्याशी मात्र अक्षर नाही. पहिला गुरुवार आला. इनास यायच्या आधीच ते माझ्या मेजाशी येऊन उभे राहिले.

“दाखय,” ते म्हणाले. “रिपोर्ट खंय जाता तां.”

मी त्यांना खुर्ची दिली. नवा कप्पा उघडला. सकाळी त्यांनी भरलेली अकरा नावं एकाखाली एक होती. त्यांनी बोट पडद्यावर ठेवून एकेक नाव वाचलं, ओठ हलवत, घाई न करता.

“आता बंद कर मशीन.”

मी बंद केलं. सुरू केलं. सूचना एकामागून एक सरकत गेल्या. आम्ही दोघं बघत होतो. इनास आला आणि आमच्या मागे हेल्मेट हातात धरून उभा राहिला. कप्पा उघडला. अकराही नावं होती. उत्तममामांनी परत बोट ठेवलं आणि परत पहिल्यापासून वाचली.

मग चष्मा काढला, पुसला, घातला.

“परत एकदां कर,” ते म्हणाले.